धाकट्या जावेची अमेरिका

आमच्या महिला मंडळाचा अंक निघतोय आणि त्यात माझ्या धाकट्या जावेवर, संध्यावर, चार पानं हवी आहेत. मंडळाच्या बायका माझ्याकडे आल्या. म्हणाल्या, सोनलताई, तुम्ही घरच्या, तुमच्याइतकं तिला कोण ओळखतं? मी हो म्हणून बसले. त्याच क्षणी माझ्या पोटात दुखायला लागलं, पण तसं ते गेली काही वर्षं दुखतंच आहे. तेव्हा आधीच सांगून ठेवते. संध्याचं नुसतं कौतुक ऐकायचं असेल तर आमच्या सासूबाईंकडे जा, दुपारभर सांगतील. मी जे झालं ते सांगणार, आणि सांगताना जळणार. मला ते झाकून लिहिता येत नाही.

संध्या दिसायला काही नाही. माझ्या खांद्याला लागते, चष्मा सारखा नाकावरून घसरतो, आणि साडी अशी नेसते की कुणीतरी घाईघाईत गुंडाळून दिली आहे. ब्लाऊज तिचे मीच शिवते, म्हणून बाह्या तरी बऱ्या बसतात. ती बोलायला लागली की मात्र बायका हातातलं काम खाली ठेवतात. असं का होतं ते मी पुष्कळ वेळा नीट बघितलं आहे. आवाजही काही खास नाही.

आम्ही नवी मुंबईतल्या पावणे गावचे. सासऱ्यांची शेती आणि खाडीकडची मिठागराची जमीन नव्या शहरासाठी गेली, तेव्हा मी या घरात नव्हते. मी आले ती साडेबारा टक्क्यांच्या प्लॉटच्या दिवसांत. गेलेल्या जमिनीच्या बदल्यात जो तुकडा परत मिळाला होता, त्याचा भाव आज एक, उद्या एक. गावात ज्याला त्याला शेठ म्हणायचे. माझा नवरा कुंदन थोरला, उंचापुरा, बुलेटवरून यायचा तेव्हा अख्ख्या गल्लीला कळायचं. एका पार्टनरबरोबर त्याने प्लॉटवर बिल्डिंग काढली. पहिला स्लॅब पडला त्या दिवशी त्याने पांढरी जीप आणली आणि माझ्या गळ्यात सोन्याचा हार घातला. हळदींना आम्ही गेलो की डीजेवाला त्याचं नाव पुकारायचा. मी खोटं बोलणार नाही, मला ते फार आवडायचं.

धाकटा दीर दिपेश बेलापूरच्या एका ऑफिसात क्लार्क. डबा घेऊन जायचा, डबा घेऊन यायचा. त्याचं लग्न संध्याशी झालं तेव्हा मला तिची कीव आली. तिच्या अंगावर मोजकं सोनं, नवरा असा पाण्यासारखा, आणि सासूबाईंच्या तोंडी चोवीस तास कुंदन. मी तिला माझ्या जुन्या साड्या द्यायचे. ती ‘ताई, किती छान आहे’ म्हणून घ्यायची. कुणाची कीव करण्यात किती सुख असतं ते तेव्हा मला कळलं नाही. ते गेल्यावर कळलं.

तिसऱ्या स्लॅबनंतर बिल्डिंग थांबली. भाव बसले, बुकिंग केलेले लोक पैसे परत मागायला लागले आणि पार्टनरचा फोन लागेना. जीप गेली, हार गेला, बुलेटही गेली. बिल्डिंगच्या लोखंडी सळ्या वर उघड्या राहिल्या, त्यांवर कावळे बसायचे. कुंदन आधी सकाळी घराबाहेर पडेनासा झाला, आणि मग संध्याकाळी घरात थांबेनासा झाला. गल्लीच्या तोंडावर देशी दारूचं दुकान आहे. कारखान्यांची पाळी सुटली की कामगारांची रांग लागते, त्या रांगेत आमचे शेठ उभे राहायला लागले. मी शिलाई मशीन काढलं. शेजारणींनी विचारलं की सांगायचे, त्यांना शुगर आहे, त्यामुळे चक्कर येते. एवढी वर्षं मी गावाला शुगरच सांगत होते.

आणि नेमक्या त्याच दिवसांत आमच्या या संध्याबाईंनी मुक्त विद्यापीठात बीएला नाव घातलं. माझं घर बसत होतं आणि हिला पुस्तकं सुचत होती. रविवारी वाशीला वर्गाला जायची, पिशवी छातीशी धरून, चष्मा सावरत. सासूबाई दारात उभ्या राहून ती वळणाआड जाईपर्यंत बघायच्या. माझ्या अंगाचा तिळपापड व्हायचा. मी बारावीला चांगल्या मार्कांनी पास झाले होते, पण मला कुणी पुढे शिक म्हटलं नाही, आणि मीही म्हटलं नाही, कारण तेव्हा दारात जीप होती.

तिच्या पुस्तकांत एक अमेरिकेच्या इतिहासाचं होतं. ते घेऊन ती दुपारी सासूबाईंच्या खाटेशी बसायची आणि मोठ्याने वाचून, मग आपल्या भाषेत सांगायची. म्हणे त्यामुळे पाठ होतं. सासूबाई मालतीबाई, ज्यांनी आयुष्यात ठाण्यापलीकडे पाऊल टाकलेलं नाही, त्या कीर्तनाला बसावं तशा बसायच्या. मी पलीकडच्या खोलीत मशीनवर असायचे. माझं मशीन मुद्दाम जोरात चालायचं.

“एक काळ असा होता आई, की तिकडे सगळ्यांना वाटायचं, आता भाव उतरणारच नाहीत. हप्त्यावर मोटारी घेतल्या, हप्त्यावर रेडिओ घेतले. ज्यांना शेअर म्हणजे काय ते कळत नव्हतं त्यांनीसुद्धा शेअर घेतले, तेही उसने पैसे काढून.”

“न् मंग?”

“मग एकोणीसशे एकोणतीस साली बाजार कोसळला. बँका बुडाल्या, कारखाने बंद पडले. काल मोटारीतून फिरणारी माणसं चौकात सफरचंदं विकायला उभी राहिली. फुकट मिळणाऱ्या सुपासाठी रांगा लागल्या.”

सासूबाईंनी उसासा टाकला. “म्हंजे आपल्या कुंदनसारकाच झाला त्यांचा.”

मी पायडलवरचा पाय काढला.  मग मी उठून तिथे गेले आणि संध्याला म्हणाले, “तुला अभ्यास करायचा तर वर आपल्या खोलीत कर. इथे माणसं काम करतात.” तिचा चेहरा उतरला. “ताई, मी तुमच्याबद्दल नव्हते हो बोलत.” मला माहीत होतं, ती आमच्याबद्दल बोलत नव्हती. तिने मुद्दाम टोचलं असतं तर मी तिला दोन शब्द सुनावून मोकळी झाले असते. ती अमेरिकेबद्दलच बोलत होती, आणि आमचं घर आपोआप तिच्या गोष्टीत जाऊन बसत होतं, याचाच मला राग होता.

दुसऱ्या दिवसापासून ती हळू आवाजात सांगायला लागली आणि मी मशीन थांबवून ऐकायला लागले. सासूबाईंना गोष्टीचा शेवट चांगला लागतो, म्हणून ती सुधारणांचं सांगायची. सरकारने बेकारांना रस्ते आणि धरणं बांधायच्या कामावर लावलं, म्हाताऱ्यांना पेन्शन सुरू केली, बँकेत ठेवलेल्या पैशाला हमी दिली. सासूबाई विचारायच्या, “सरकारला ह्या कोनी सांगितला?” संध्या म्हणायची, “लोकांनीच आई. आणि त्यांत बायका पुष्कळ होत्या.” मला वाटायचं, आता ही स्वतःलाच त्या बायकांत धरत असणार.

कुंदनचे पाय सुजले तेव्हा मी त्याला वाशीच्या दवाखान्यात नेलं. डॉक्टरांनी सोनोग्राफीचा रिपोर्ट बघून मला बाहेर बोलावलं. लिव्हर खराब होत चाललं आहे, आज थांबले तर सावरेल, नाही थांबले तर मी काही करू शकत नाही, असं स्पष्ट सांगितलं. घरी आल्यावर कुंदनने दोन दिवस दम धरला. तिसऱ्या दिवशी संध्याकाळी पाळी सुटल्याचा भोंगा झाला आणि तो उठला. म्हणाला, “जरा पाय मोकळे करून येतो.” दुकान आमच्या ओट्यावरून दिसतं. मला त्याची पाठ दिसत होती, रांगेत. दुकानदाराला मी पूर्वी एकदा हात जोडून सांगितलं होतं, यांना देऊ नका. तो सगळ्यांसमोर हसला होता. आता एवढंच कळत होतं, की ते दुकान तिथून उठलं तर माझा माणूस जगेल आणि राहिलं तर जाईल. दुसरीकडे दारू मिळते, पण सुजलेल्या पायांनी तो तिथवर रोज जाणार नव्हता.

आणि त्याच आठवड्यात संध्या वाशीहून आली ती एक बातमी घेऊन. वॉर्डातल्या बायकांनी अर्ज केला तर सरकार मतदान घेतं. मतपत्रिकेवर दोन बाटल्या असतात. उभी बाटली म्हणजे दुकान राहू दे, आडवी बाटली म्हणजे दुकान बंद करा. यादीतल्या निम्म्याहून जास्त बायकांनी आडवीवर शिक्का मारला की दुकानाला टाळं. जी घरी बसली ती दुकानाच्या बाजूने धरायची.

ही गोष्ट मी ऐकली आणि मला आनंद व्हायला हवा होता. झालाही असेल. पण त्याच्या आधी मनात आलं, हे हिलाच का कळावं? दारू माझ्या घरात, सुजलेले पाय माझ्या नवऱ्याचे, दुकानदाराचं हसणं मी सोसलेलं, आणि दुःख माझं असताना चळवळ हिची! दिपेश तर सुपारीसुद्धा खात नाही. हिला काय अधिकार? ती सह्या घेत दारोदार फिरायला लागली. आमच्या दारात सगळ्यात शेवटी आली, आणि तेही घाबरत. मी सही केली. एवढी दाबून केली की कागद फाटला.

हळूहळू तिचं नाव व्हायला लागलं. कोपरखैरण्यापर्यंतच्या बायका तिला भेटायला यायच्या आणि मला विचारायच्या, “संध्यामॅडम आहेत का?” मॅडम! मी चहा करायचे. एक दिवस ती वर्गाला गेली असताना मी तिच्या खोलीत झाडू मारायच्या निमित्ताने गेले आणि ते अमेरिकेचं पुस्तक उघडलं. मग रोजच जायला लागले. मला तिची कुठेतरी चूक पकडायची होती. आणि सापडली. दारूबंदीचं प्रकरण सगळं वाचलं मी. बंदी आल्यावर तिथे चोरून गुत्ते निघाले, डॉक्टर औषध म्हणून व्हिस्की लिहून द्यायला लागले, गुंड श्रीमंत झाले, आणि तेरा-चौदा वर्षांतच, मंदी आल्यावर, सरकारने बंदी उठवली. हे तिने सासूबाईंना कधी सांगितलं नव्हतं.

गावदेवीच्या मंडपात सभा होती. मंडप भरला होता. संध्या बोलत होती की अमेरिकेतल्या बायकांनी दारूविरुद्ध केवढा लढा दिला, गुत्त्यांसमोर बसून प्रार्थना केल्या. मी मागून उठले. माझा आवाज मला वाटला होता त्यापेक्षा मोठा निघाला. “आणि मग तिकडे बंदी उठवली, ते पण सांग ना. फसली म्हणून उठवली. मग इथे काय दिवे लागणार?”

सगळ्या माना माझ्याकडे वळल्या. संध्याने चष्मा वर केला. मला वाटलं, आता ही अडकली. आणि तिच्या चेहऱ्यावर काय आलं असेल? आनंद! “बघा,” ती म्हणाली, “असा प्रश्न आपल्या गावात कुणी विचारला नव्हता. ताईंनी विचारला. होय, फसली. त्यांनी अख्ख्या देशाला एका कायद्याने सुधारायला घेतलं होतं, ते जमलं नाही. पण एक गोष्ट ऐका. बंदी आली त्याच साली तिकडच्या बायकांना मत मिळालं. आणि पुढे बंदी उठवा म्हणायलाही बायकाच पुढे झाल्या. दोन्ही वेळा त्यांनी स्वतः ठरवलं. आपल्याला देश सुधारायचा नाही. आपल्या गल्लीच्या तोंडावर काय असावं, एवढंच आपण ठरवायचंय.” मग तिने टाळ्या वाजवल्या, माझ्यासाठी. मंडपभर टाळ्या झाल्या. मी तिला पाडायला उठले होते आणि तिने मला स्टेजवर बसवलं. घरी येईपर्यंत मी रडकुंडीला आले होते.

मतदानाला चार दिवस राहिले तेव्हाची गोष्ट. संध्याने छापलेली पत्रकं घरोघर गेली होती, त्यांवर दोन बाटल्यांची चित्रं. सासूबाई खाटेवर बसून पत्रक डोळ्यांजवळ धरून बघत होत्या आणि शेजारच्या दुर्गाबाई मशेरी लावत होत्या. मी ब्लाऊजला हुक लावत होते.

“ह्या उब्या बाटलीवर मारायचा शिक्का,” सासूबाई म्हणाल्या. “आमचा ठरलाय.”

मला वाटलं ऐकण्यात चूक झाली. “आई, उभी नाही. आडवी.”

“आरवी?” आमच्या जुन्या माणसांच्या बोलीत ड चा र होतो. सासूबाई माझ्याकडे अशा बघायला लागल्या की मीच दारू प्यायले आहे. “आरवीवर कोन मारंल गो? इतकी वरसा या घरान मी आरवीच बाटली बघते. आरवी म्हंजे पिऊन झाली. बाटली पन परली न् मानूस पन परला. उबी म्हंजे बूच लावलेली, भरलेली. कोनी पिली नाय. पोरगा शुद्धीवर हाय.”

“खरा हाय,” दुर्गाबाई म्हणाल्या. त्यांचा नवरा असाच गेला. “आमी सगल्या म्हाताऱ्यांनी ठरवलाय. दारू नको म्हंजे उबी.”

माझ्या हातातली सुई तशीच राहिली. वरच्या आळीतल्या, खालच्या आळीतल्या, साऱ्या म्हाताऱ्या. मतदानाला हमखास जाणाऱ्या त्याच. सगळ्या दारूच्या विरोधात, आणि सगळ्या दुकानाला मत देणार. संध्याने सभेत दहा वेळा सांगितलं होतं, आडवी म्हणजे बंद. पण म्हाताऱ्यांनी मान डोलावली आणि मनात आपलाच अर्थ ठेवला, शहाणी पोर आहे, उलटं बोलून गेली असेल म्हणून सोडून दिलं. संध्याला हे सुचणं शक्यच नव्हतं. तिच्या खोलीत बाटली कधी आडवी पडलीच नाही. या गोष्टीचाही मला हेवा वाटला, तिथेच, हुक लावता लावता.

वर संध्या फोनवर हसत बोलत होती. मी जिन्यापाशी जाऊन उभी राहिले. हाक मारली असती तर ती धावत आली असती. आणि मग काय झालं असतं ते मला डोळ्यांसमोर दिसत होतं. तिने लगेच सभा घेतली असती, दोन शब्दांत समजावलं असतं, आणि सगळ्या म्हणाल्या असत्या, संध्यामॅडमचं लक्ष किती बारीक! नाहीतर मी गप्प बसायचं. मग रविवारी ती तोंडावर आपटली असती. मॅडम म्हणणाऱ्या बायका पांगल्या असत्या आणि पुस्तकं पिशवीत गेली असती. मी जिन्याच्या कठड्याला धरून ही दोन्ही चित्रं बघत होते आणि, लिहायला लाज वाटत नाही, दुसरं चित्र मला जास्त गोड लागत होतं. मला ते पुरतं बघायचं होतं.

तेवढ्यात कुंदन आला. ओट्यापर्यंतच आला. तिथेच बसला, मग कलंडला. त्याच्या शर्टात दडवलेली बाटली घरंगळत येऊन माझ्या पायाला लागली. त्याचे पाय मला दिसले, चपलेचे पट्टे कातडीत रुतलेले. मी त्याला उशी दिली. पट्टे सोडवले. आणि ती बाटली उचलून पदराखाली घेऊन बाहेर पडले. संध्याला काही बोलले नाही. म्हटलं, ही एक गोष्ट तिला देणार नाही. ही मी करणार.

त्या चार दिवसांत मी गावात ज्यांचे ज्यांचे ब्लाऊज शिवते त्या सगळ्यांच्या घरी गेले. म्हाताऱ्यांना ओट्यावर गोळा करायचे आणि बाटली मधोमध ठेवायचे. उभी करून म्हणायचे, हे दुकान, ताठ उभं आहे, धंदा करतंय. मग हाताने ढकलून आडवी पाडायचे. हे दुकान पडलं, मेलं. पहिल्या दोन घरांत काही उपयोग झाला नाही. गोजरा नावाची एक खट आजी आहे, ती सरळ म्हणाली, “तुला काय माईत गो बाटलीतला? तुज्या नवऱ्याला तर शुगर हाय.”

सगळ्या माझ्याकडे बघत होत्या.  मी खाली बसले आणि म्हणाले, “शुगर नाही. दारू पितात. रोज. आमच्या ओट्यावर रोज आडवी बाटली असते आणि रोज मी ती उचलते. म्हणून मी सांगते आजी, एकदाच तिला कागदावर आडवी करा, म्हणजे माझ्या ओट्यावर ती आडवी पडायची थांबेल.”

 मग दुर्गाबाईंनी माझ्या गुडघ्यावर हात ठेवला. “आमाला माईत हाय बाय. सगल्या गावाला माईत हाय. तू शुगर सांगायचीस म्हनून आमी पन शुगर म्हनायचो.” एवढी वर्षं मी ज्यांना फसवलं असं समजत होते, त्या सगळ्या मिळून मला सांभाळत होत्या. गोजरा आजीने बाटली उचलली, स्वतःच्या हाताने आडवी केली आणि म्हणाली, “ही परली बग.” पुढच्या घरांत मला बोलायची गरजच पडली नाही, ती माझ्याबरोबर येऊन स्वतःच पाडून दाखवायची.

रविवारी शाळेत मतदान झालं. म्हाताऱ्या नातवंडांचा हात धरून आल्या. सासूबाईंना मी रिक्षाने नेलं, कुंदन घरी ओट्यावर पडून होता. संध्याकाळी मोजणी झाली आणि आडवी बाटली निघाली, निम्म्याच्या वर, थोडीशीच वर, पण वर. शाळेच्या मैदानात हलगी वाजायला लागली. संध्याला बायकांनी उचललं. टीव्हीवाला मुलगा तिच्या तोंडापुढे माईक धरून उभा. मी कुंपणाशी होते. मला वाटलं, आता अमेरिका येणार. पण तिने अमेरिकेचं नाव काढलं नाही. ती म्हणाली, “मला कालपर्यंत माहीत नव्हतं, की आपल्या म्हाताऱ्या उभ्या बाटलीला मत देणार होत्या. मला गोजरा आजींनी सांगितलं. मी पत्रकं वाटत बसले होते. हे मतदान माझ्या ताईंनी जिंकलंय, सोनल ठाकूर यांनी.” आणि तिने गळ्यातला हार काढला आणि गर्दीतून वाट काढत माझ्याकडे यायला लागली.

तुम्ही म्हणाल, आता तरी हिचं पोट शांत झालं असेल. अजिबात नाही. माझ्या गळ्यात तो हार पडला तेव्हा मला एकच कळलं, की माझं स्वतःचं श्रेयसुद्धा मला तिच्या हातून घ्यावं लागलं. तिने ते लपवलं असतं तर मी जन्मभर तिला नावं ठेवू शकले असते. तेवढीही सोय तिने ठेवली नाही. सगळ्या म्हणाल्या, बघा किती मोठं मन, आणि ते मन अर्थात तिचं.

पुढे सरकारी माणसं आली, दुकानाला सील लागलं. कुंदन काही दिवस दारूसाठी रिक्षा करून तुर्भ्याकडे जायचा. मग एक दिवस रिक्षाला पैसे उरले नाहीत म्हणून चालत निघाला आणि अर्ध्या वाटेवरून परत आला, पाय चालेनात. त्याला थरथर सुटली, घाम, उलट्या. दिपेशने आणि मी त्याला दवाखान्यात ठेवलं. डॉक्टरांनी गोळ्या दिल्या. घरी आला तो गळून गेलेला, पण डोळे निवळलेले. एवढ्या वर्षांत त्याच्या डोळ्यांचा रंग मी विसरले होते.

परवा सकाळी तो ओट्यावर ऊन खात बसला होता. मी चहा दिला. कप त्याच्या हातात हलला नाही. त्याने एक घोट घेतला, माझ्याकडे बघितलं, नीट, ओळखीचं बघितलं. मी पदर सावरला. नवीन लग्न झालेल्या बाईसारखी उभी होते मी तिथे, काहीतरी ऐकायला.

“सोनल,” तो म्हणाला, “संध्याने भारी काम केला. जीव वाचवला माझा. तिला कुनीतरी सांगायला पायजे.”

मी त्याच्या कपात आणखी चहा ओतला. कप भरला होता, थोडा बशीत सांडला. “तूच सांग,” मी म्हणाले. “वर आहे ती.”

तो उठला. जिना चढायला लागला. मी खालून त्याच्या पावलांचा आवाज ऐकत होते. एकही पाऊल चुकलं नाही, एकदाही भिंतीला हात लागला नाही. वर तिचं आनंदाने ओरडणं ऐकू आलं, “दादा, तुम्ही! एकटेच चढलात?” आणि मग तो तिचे आभार मानायला लागला, शुद्धीत, सावकाश, एक एक शब्द जोडून. मी खाली ओट्यावर बसून रडले. आनंदाने रडले आणि जळून रडले, आणि तो खाली येण्याआधी तोंड धुऊन घेतलं.